लिंबाजीनं न केलेली चढाई

आमच्या घरात माणसं चार होती आणि कर्णे सहा. नळदुर्गात हायवे सोडून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत आमचं पत्र्याचं घर होतं, आणि पुढच्या खोलीत खुंट्यांवर ते सहा कर्णे तोंडं खाली करून टांगलेले असत. माझे वडील, आम्ही त्यांना अब्बा म्हणायचो, लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचे. लग्न असो, उरूस असो, जयंती असो की प्रचाराची सभा, उस्मानभाईंचं मशीन आल्याशिवाय कार्य सुरू झाल्यासारखं कुणाला वाटायचं नाही. मशीन म्हणजे अॅम्प्लिफायर. लोखंडी पेटीसारखं ते धूड घरात सगळ्यात कोरड्या जागी ठेवलेलं असे, आणि अम्मी त्याला सवतीसारखं वागवायची. रोज धूळ पुसायची, पण त्याच्याविषयी चांगला शब्द बोलायची नाही. माईक मात्र तिच्याच जुन्या ओढणीत गुंडाळून ट्रंकेत ठेवलेला असायचा. दुरुस्त झालेलं मशीन सुरू करून पाहायचं असलं की अब्बा मला हाक मारायचे, "जुबी, बोल गे कुछ." आणि मी बोलायची. पाढे, शाळेतल्या कविता, बाजारातले भाव, समोरच्या घरातल्या शेळीचं वर्णन, जे सुचेल ते. धाकटा सलीम तेव्हा नुकता चालायला लागला होता. कर्ण्यातून माझा आवाज आला की तो कर्ण्याच्या मागं जाऊन मला शोधायचा.

धंद्याचा अब्बांचा एकच कायदा होता. मशीन आपलं, बोलणं गिऱ्हाईकाचं. एका आठवड्यात दोन विरुद्ध पक्षांच्या सभा त्यांनी सारख्याच निर्विकार चेहऱ्यानं पार पाडलेल्या मी पाहिल्या आहेत. कुणी काहीही बोलो, ते बॅटरीवर लक्ष ठेवून बसायचे. घरी येऊन खिचडी-खट्ट्याचं ताट पुढं घेतलं तरी सभेत कोण काय बोललं हे ते सांगायचे नाहीत. आवाज कुठपर्यंत गेला एवढंच सांगायचे. "आज पुलापर्यंत गेला," म्हणायचे, आणि त्या दिवशी त्यांना जेवण जास्त जायचं.

त्या काळात आमच्या भागातल्या साखर कारखान्यानं कबड्डीचा संघ उभा केला होता. पोरं चौकीदार, शिपाई म्हणून कागदावर भरती केलेली, पण त्यांचं खरं काम एकच, सकाळ-संध्याकाळ सराव करायचा आणि गावोगावचे सामने जिंकून आणायचे. खेळायचा पगार मिळतो ही गोष्टच आम्हाला नवलाची होती. संघाचे सामने असले की मशीन आमचं असायचं, म्हणून मी जायची, आणि माझ्याबरोबर माझ्या दोन मैत्रिणी. एक सुमन. तिचे चुलते कारखान्याचे संचालक, त्यामुळं संघ म्हणजे तिला घरचाच वाटायचा. दुसरी रत्नमाला, आमची रत्ना, भीमनगरातल्या पोस्टमनची मुलगी. आम्ही तिघी नववीत एका बाकावर बसायचो आणि तिघींचा देव एक होता, लिंबाजी.

लिंबाजी लोहाऱ्याकडच्या एका खेड्यातल्या बौद्धवाड्यातला. उंचीनं बेताचा, पिंडऱ्या मात्र तांब्याच्या घागरीसारख्या घट्ट. तो चढाईला गेला की घाई करायचा नाही. डोळे अर्धे मिटून, कबड्डी-कबड्डीचा सूर एकसारखा लावून तो समोरच्यांच्या अंगणात शिरायचा, जणू शेजाऱ्याकडं विस्तव मागायला गेलाय. आणि मग काय व्हायचं ते दिसायचंच नाही. दोन गडी बाद होऊन बाहेर बसायचे आणि लिंबाजी रेषेच्या अलीकडं उभा राहून अंगाला माती लावत असायचा. जिंकल्यावर त्याला खांद्यावर घेणारे हात कुणाकुणाचे असायचे ते मी तेव्हा मोजलं नाही. सगळ्यांचेच असायचे. त्यामुळं मला वाटायचं, आता शिवाशिव वगैरे सगळं संपलंच आहे.

माझ्या हातात माईक आला तो अपघातानं. सामन्याची माहिती सांगणाऱ्या ड्रिलच्या मास्तरांचा घसा एकदा भर सामन्यात बसला. लोक ओरडायला लागले, गुण किती झाले कळेना. मी मशीनजवळच बसलेली होते. अब्बांनी माझ्याकडं पाहिलं, मी माईक घेतला आणि शेळीचं वर्णन करायची तसं सांगायला लागले. "लिंबाजी मध्यरेषेवर. डावीकडं सरकतात. कोपऱ्यावरचा गडी पाय मागं घेतो. हात लागला. लिंबाजी परत." दिसतं ते सांगायचं, दिसत नाही ते सांगायचं नाही, एवढंच मला कळत होतं. सामना संपल्यावर संघाचे मॅनेजर स्वतः आले आणि अब्बांना म्हणाले, "उस्मानभाई, पुढच्या वेळी मास्तर नको. ही पोरगीच बोलू द्या." अम्मीला ते पसंत नव्हतं. "लडकी की आवाज चार गावाँ में फिरती, अच्छा दिखता क्या?" असं ती आठ दिवस म्हणत राहिली. पण नवव्या दिवशी तिनं माझ्यासाठी नवी सलवार शिवायला घेतली, कारण सामन्याला लोक पाहणार होते. मी त्या वर्षात फार ऐटीत होते हे कबूल केलं पाहिजे. बाजारात लोक बोट दाखवायचे, कबड्डीवाली पोरगी.

मग दुष्काळाचं दुसरं साल आलं. बोरी नदीचं पात्र बैलगाडीच्या रस्त्यासारखं झालं. घरोघरी मिलोच्या, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरी. त्या थापताना तुटायच्या आणि खाताना तुटायच्या नाहीत. अम्मी चिंचेचा खट्टा पातळ पातळ करत न्यायची, शेवटी त्याला चिंचेची नुसती आठवण राहायची. निम्मी माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जात होती. तिथून मिळणारी सुकडी आणणाऱ्या पोरांभोवती शाळेत आम्ही घुटमळायचो. त्या गोड पिठाची चव अजून जिभेवर आहे, आणि खरं सांगायचं तर ती चव वाईट नव्हती. अशा दिवसांत सामने कोण भरवेल? पण भरवले. ज्या गावानं भरवले त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या ओळखीच्या एका मुलीचं आता तिथं सासर आहे आणि ते लोक चांगले आहेत. त्या गावच्या विहिरीला पाणी टिकलं होतं, आणि आमच्या गावात पाणी आहे हे दाखवायचा याहून मोठा मार्ग सरपंचांना सुचला नसावा.

अंतिम सामन्याच्या दिवशी सकाळीच आम्ही कारखान्याच्या ट्रकमधून मशीन घेऊन पोचलो. अब्बांनी चार कर्णे चार दिशांना बांधले. एक मैदानातल्या कडुलिंबावर, दोन शाळेच्या छपरावर आणि एक विहिरीकडच्या वडावर. सुमन तिच्या चुलत्यांबरोबर सरपंचांच्या घरी जेवायला गेली. मला रत्नानं तिच्या मावशीकडं नेलं. मावशीचं नाव पारूबाई. बौद्धवाड्यातलं तिचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं सारवलेलं अंगण. पण आम्ही गेलो तर मावशी घरात नव्हती. विहिरीवर गेलीय, असं तिच्या नवऱ्यानं सांगितलं. तेवढ्यात तिथं लिंबाजीच आला. वाड्यातल्या लोकांनी त्याला चहाला बोलावलं होतं. आम्ही दोघी भिंतीला चिकटून उभ्या राहिलो. देव एवढ्या जवळून पाहायची सवय नव्हती.

बऱ्याच वेळानं मावशी आली, कमरेवर एकच घागर. लिंबाजीला पाहून तिनं लगबगीनं तांब्या भरला. त्यानं अर्धा प्यायला आणि विचारलं, "कवा गेल्ता, मावशी?"

"दिस उगवायला. आमी तिथं कडंला बसायचं. वरच्या आळीची कुणी बाई आली अन् तिच्या मनात आलं, तर वरून वतती घागरीत. आज समदे सामन्याच्या गडबडीत. कुणाला टाइम हाय?"

"विहीर तर सरकारी हाय म्हणत्यात."

"हाय की. समद्यांसाठी खुली म्हणून पाटी बी हाय. पाटीवरचं वाचायला येतंय समद्यास्नी."

तांब्यातलं उरलेलं पाणी लिंबाजीनं परत घागरीत ओतलं. मावशी नको नको म्हणत होती, तरी ओतलं, आणि चहा न घेता निघून गेला. मला तर तेव्हा वाटलं की सामन्याआधी पोट हलकं ठेवत असेल.

दुपारी मैदान माणसांनी भरून गेलं. झाडांवर, छपरांवर, ट्रॅक्टरवर माणसं. धूळ उडू नये म्हणून गावातल्या पोरांनी मैदानावर पाणी मारलं होतं. बादल्यांवर बादल्या. समोरचा संघ आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचा, तयारीचा. पहिला डाव अटीतटीचा झाला. मध्यंतराला आम्ही दोन गुणांनी मागं होतो, पण मला काळजी नव्हती, कारण लिंबाजी अजून पुरता तापला नव्हता. माझं टेबल मध्यरेषेच्या अगदी जवळ होतं. पोरं पुन्हा बादल्या घेऊन आली आणि मैदानावर ओतायला लागली. लिंबाजी कडेला उकिडवा बसून ते पाहत होता. मग उठला आणि मॅनेजरकडं गेला.

"साहेब, हे पाणी त्याच विहिरीचं हाय ना?"

"मग? तुझं काय गेलं त्यात?"

"माझं काय न्हाय गेलं. तिथं बाया सकाळधरनं रिकाम्या घागरी घिऊन बसल्यात. त्यास्नी त्यांच्या हातानं शेंदू द्या. सरपंच हितंच बसल्यात, हितनंच सांगू द्यात. मग म्या चढाईला जातो."

मॅनेजर हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मग चेहरा पाहून हसणं थांबलं. "लिंबाजी, हे गाव आपलं नाही. आपण खेळायला आलोय. खेळून जाऊ."

"मातीवर वतत्यात अन् माणसाला देत न्हायत. ह्या चिखलात माझा पाय न्हाय उचलायचा."

त्यानं आवाज चढवला नव्हता. सरपंचांना निरोप गेला. ते खुर्चीवरून उठलेही नाहीत, नुसती मान हलवली. शिट्टी झाली, संघ मैदानात उतरला. लिंबाजीची पहिलीच चढाई. तो मध्यरेषेपर्यंत आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. लोक आधी हसले, मग ओरडायला लागले.

माझ्या मनात त्या क्षणी काय होतं ते मी आज पन्नास वर्षांनी सजवून सांगणार नाही. मी त्याच्यावर भयंकर चिडले होते. वर्षभर या सामन्याची वाट पाहिली होती. सकाळी मावशीचं बोलणं मी ऐकलं होतं आणि मला वाईटही वाटलं होतं, पण ते सकाळचं होतं. आता सामना होता. ते काय आजचं आहे, उद्या सांगता आलं असतं, असं मला वाटत होतं. मॅनेजर माझ्या टेबलाजवळ आले आणि वाकून म्हणाले, "सांग, लिंबाजीच्या पोटात कळ आलीय म्हणून. त्याच्या जागी दुसरा गडी येतोय म्हणून सांग."

मी अब्बांकडं पाहिलं. ते मशीनवर वाकलेले होते, बोट बटणावर. मान वर केली नाही. मी माईक तोंडाशी धरला आणि माझी नजर लिंबाजीवर गेली. त्याला कळ आलेली नव्हती. तो माझ्यासमोर पाच हातांवर उभा होता, ताठ. जे समोर दिसत होतं त्याच्या उलट माझ्या तोंडातून निघेना. जीभ तशी वळायला शिकलेलीच नव्हती. मी म्हणाले:

"कारखान्याचे लिंबाजी मध्यरेषेवर उभे आहेत. ते चढाईला जाणार नाहीत. त्यांची तब्येत ठणठणीत आहे. त्यांचं म्हणणं असं आहे की मैदानावर मारलेलं पाणी गावच्या विहिरीचं आहे आणि त्या विहिरीवर बौद्धवाड्यातल्या बायकांना स्वतःच्या हातानं पाणी शेंदू देत नाहीत. शेंदू दिलं तर ते खेळतील. कारखाना दोन गुणांनी मागं आहे."

सगळ्या मैदानात एकदम गलका उठला. मॅनेजरांनी माझ्या हातातून माईक ओढून घेतला आणि अब्बांना म्हणाले, "तबकडी लावा. काहीही लावा." अब्बांनी लग्नातली सनई लावली. पुढचा सगळा गोंधळ सनईच्या सुरावर झाला. कोण म्हणत होतं, पगार कारखान्याचा खातो आणि ऐन वेळी पाय मागं घेतो. कोण म्हणत होतं, पोराचं खरं आहे. पंचांनी लिंबाजीला बाहेर काढलं आणि त्याच्या जागी दुसरा गडी घेऊ दिला नाही. कारखान्याचा संघ सहा गड्यांवर खेळला आणि हरला. लिंबाजी शेवटपर्यंत मैदानाच्या कडेला बसून राहिला. त्याच्या अंगावर कुणीतरी खडा मारला, तर त्यानं तो उचलून बाजूला ठेवला. परतीच्या ट्रकमध्ये तो नव्हता. रत्नाही नव्हती. ती गोंधळात मावशीकडं पळाली होती. अब्बा वायर गुंडाळत होते. मी विचारलं, "अब्बा, तुम्ही मशीन बंद का नाही केलं?" ते म्हणाले, "घाम से उंगली फिसल रही थी." मग बराच रस्ता गेल्यावर म्हणाले, "बहुत दूर तक गई आवाज."

दुसऱ्या दिवशी शाळेत आमच्या बाकावर सुमन आणि मी दोघीच. सुमन रडून आली होती. "खेळाडूनं खेळावं," ती म्हणाली. "ज्याला गाव सुधारायचंय त्यानं पुढारी व्हावं. आम्ही त्याच्यासाठी घसा कोरडा केला तो भाषणं ऐकायला का?" कालपर्यंत हे सगळं मीच म्हणत होते, मनातल्या मनात. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते मला उणं वाटायला लागलं. मी म्हणाले, "भाषण कुठं केलं त्यानं? तीन वाक्यं बोलला. तीही हळू." सुमन म्हणाली, "तूच मोठी केलीस ती."

माझी नात अमरीन परवा मोबाइलवर फुटबॉल पाहत होती. सामन्याआधी कुठले तरी खेळाडू कशाचा तरी निषेध म्हणून गुडघा टेकून बसलेले. ती कुरकुरली, "यांना खेळायला पैसे देतात ना?" मी तिला काही शिकवायला गेले नाही. पंधराव्या वर्षी मलाही तसंच वाटलं होतं, आणि ज्यानं सामन्यासाठी जीव टाकलेला असतो त्याला तसं वाटणारच. मी तिला फक्त रत्नाविषयी सांगितलं.

मावशीकडून परतल्यावर रत्ना आठ दिवस शाळेत आली पण माझ्याशी बोलली नाही, मागच्या बाकावर बसली. नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनंच मला पायऱ्यांवर गाठलं. सुमनही होती.

"तुला कुणी विचारलं होतं सांगायला?" रत्ना म्हणाली. "लिंबाजी येऊन गेला. तू बोलून गेलीस. माझी मावशी कुठं जाणार? तिला तिथंच राहायचंय."

मला वाटलं होतं की रत्ना तरी माझ्यावर खूश असेल. मी विचारलं, "काय झालं मावशीला?"

तेव्हा तिनं सांगितलं. वडावरचा कर्णा विहिरीच्या अगदी वर होता. बायका सकाळपासून तिथं बसलेल्या, मैदानावरची माझी बडबड ऐकत. आणि एकाएकी कर्ण्यातून त्यांचीच गोष्ट यायला लागली, विहिरीचं नाव घेऊन. त्या एकमेकींकडं पाहायला लागल्या. वरच्या आळीचे सगळे पुरुष सामन्याला. विहिरीवर एक म्हातारा तेवढा राखणीला. दुपारी पुन्हा घागर घेऊन गेलेली मावशी उठली, तिनं दोर हातात घेतला आणि पोहरा आत सोडला. म्हातारा ओरडला, पण त्याचं ओरडणं ऐकायला होतं कोण? सगळ्याजणींनी घागरी भरल्या. दुसऱ्या दिवशी चावडीवर बोलावणं आलं, माफी मागा म्हणून. एकही गेली नाही. मग दुकानातून मीठ-तेल बंद झालं. शेतावर कामाला यायचं नाही असं दवंडी देऊन सांगितलं.

"मग आता?" सुमननं विचारलं. तिचा चेहरा उतरला होता.

रत्नाला एकदम हसू आवरेना. "मावशी म्हणाली, कुठल्या शेतावर? दोन सालं झाली, कुणाच्या शेतात काडी उगवलीय? आमचं समद्याचं पोट सरकारच्या खडीवर हाय. त्यांचंबी अन् आमचंबी. दुष्काळ नसता तर मेलो असतो, म्हणाली."

आम्ही तिघी त्या पायऱ्यांवर बसून खूप भांडलो. त्या दिवशी आणि पुढं कितीतरी दिवस. रत्नाचं म्हणणं, त्यानं आधी मावशीला विचारायला हवं होतं, तिच्या जिवावर उदार होण्याआधी. सुमनचं म्हणणं, निदान संघाला आदल्या दिवशी सांगायचं, सहा गड्यांना तोंडघशी का पाडायचं? माझं म्हणणं रोज बदलायचं. पण एक झालं. सुमन "खेळाडूनं खेळावं" असं पुन्हा म्हणाली नाही. ती घरी जाऊन चुलत्यांना विचारायला लागली की लिंबाजीला संघातून काढलं का, आणि का काढलं. दोनदा मार खाता खाता वाचली. तिसऱ्यांदा वाचली नाही, तरी विचारायची थांबली नाही.

लिंबाजीचं नाव कापलं गेलं होतं. अब्बांचंही. त्या हंगामात कारखान्याच्या एकाही कार्यक्रमाला आमचं मशीन गेलं नाही. अम्मीनं त्याबद्दल मला एका शब्दानं दुखवलं नाही, फक्त मिलोची भाकरी आणखी लहान थापायला लागली. अशाच एका दुपारी लिंबाजी आमच्या दारात उभा. सोलापूरच्या एका गिरणीच्या संघात त्याला घेतलं होतं. निघायच्या आधी अब्बांना सलाम करायला आला होता. अम्मीनं त्याला चहा दिला, आमच्या चांगल्या कपातून. मी धीर करून विचारलं, "दादा, सामना जिंकून मग का नाही बोललात? सगळ्यांनी ऐकलं असतं."

तो म्हणाला, "म्या लई सामने जिंकलो, जुबेदा. जिंकल्यावर हार घालत्यात, खांद्यावर घेत्यात. मग जेवायच्या वक्ताला मला व्हरांड्यात बसवत्यात. तवा बोलावं म्हणलं तर समद्यांच्या तोंडात घास असतोय."

"पण मावशीला विचारायला हवं होतं. रत्ना म्हणते."

"ते खरं हाय तिचं," तो म्हणाला. "ते मला सुचलं न्हाय. तिला सांग, लिंबाजी चुकला म्हणून." मग कप खाली ठेवून त्यानं मला विचारलं, "तू कुणाच्या बाजूनं व्हतीस त्या दिवशी?"

"मी तुमच्यावर चिडले होते," मी म्हणाले.

तो मोठ्यानं हसला. खेळताना कधी हसायचा नाही. "अन् तरी त्यांचं न्हाय ऐकलंस," एवढं म्हणून उठला. त्याचा निरोप मी रत्नाला पोचवला. ती म्हणाली, "चुकला असं म्हणणारा खेळाडू मी पहिल्यांदा ऐकला."

पुढच्या उन्हाळ्यात, एक बरा पावसाळा मधे होऊन गेल्यावर, रत्ना मला पुन्हा मावशीकडं घेऊन गेली. या वेळी सुमनही आली. घरी काय सांगून आली ते तिनं आम्हाला सांगितलं नाही. मधल्या काळात तहसिलातले एक साहेब त्या गावी येऊन गेले होते, दोन दिवस विहिरीजवळ खुर्ची टाकून बसले होते. ते गेल्यावर काय होतं याची वाड्याला धास्ती होती, पण बायकांनी रोज जायचं सोडलं नाही, आणि रोजचं भांडण करायला वरच्या आळीलाही दम लागत होता. दुकानही हळूहळू उघडलं. देवळात मात्र वाड्यातलं अजून कुणी गेलं नव्हतं, आणि सरपंच मावशीला पाहिलं की रस्ता बदलत.

आम्ही तिघी मावशीबरोबर विहिरीवर गेलो. बायकांची ही गर्दी. मावशीचा नंबर आला तेव्हा तिनं मला दोर धरायला दिला, आणि मला जमेना. पोहरा भिंतीवर आपटत राहिला, निम्मं पाणी सांडलं. सुमन हसत होती. तेवढ्यात मागून वरच्या आळीची एक थोराड बाई करवादली, "पारू, आवर की गं. पाव्हण्यांना खेळवत बसलीस व्हय? आमी काय रातच्याला घरी जायचं?"

मी घाबरून मावशीकडं पाहिलं. मावशीनं मागं वळून तिच्याच सुरात उत्तर दिलं, "यील की तुझा नंबर. तुझ्या एकटीच्याच घरी सैपाक हाय जणू."

आणि माझ्या हातातला दोर घेऊन ती सावकाश, अगदी सावकाश, पाणी शेंदायला लागली.